खळीनं चिकटवलेली चिठ्ठी

श्वेंकबाईंच्या सिंकखालचं कपाट कुणीही उघडून पाहावं. त्यात चारच वस्तू असायच्या. व्हिनेगर, लिंबूसत्त्व, धुण्याचा सोडा आणि त्यांनी स्वतः पाडलेल्या साबणाच्या वड्या. बाजूला खुंटीवर फडकी. कुठलं फडकं आधी काय होतं हे त्या न विचारता सांगत. "हा माझ्या आईच्या उशीचा अभ्रा. हा गेबहार्डचा लग्नातला सदरा." नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती, सदरा अजून खिडक्या पुसत होता.

एर्म्स नदीच्या खोऱ्यातल्या या गावात आमचं चार बिऱ्हाडांचं घर आहे. तळाला निवृत्त पोस्टमन एबर्ले. पहिल्या मजल्यावर ओटिली श्वेंक. त्यांच्या डोक्यावर मी, सव्वीस वर्षं. आणि सगळ्यात वर, उतरत्या छपराखाली, माराइके आणि टीलो हे तरुण जोडपं आणि त्यांची तीन वर्षांची एना. श्वेंकबाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. "तुम्ही"वरून "तू"वर यायला आम्हाला अकरा वर्षं लागली, आणि आमच्याकडे त्याला घाईच म्हणतात. लिहिताना मात्र हात अजून त्यांना अहो-जाहोच करतो.

त्या विणकराच्या घरात जन्मल्या. सोळाव्या वर्षी गिरणीच्या रंगखान्यात लागल्या आणि गिरणीला कुलूप लागेपर्यंत, तेहतीस वर्षं, तिथंच राहिल्या. निळ्याच्या दोन छटांतला केसभर फरक त्यांना खिडकीशी न जाता कळायचा. वास मात्र कळत नसे. "नाक रंगखान्यातच ठेवून आले," म्हणायच्या. दूध करपलं तर मी वरून हाक मारायचे.

काटकसर त्यांच्या रक्तातच होती, पण कचऱ्याचा ध्यास लागला तो बहिणीमुळे. बहीण हेडविग वारली आणि तिचं घर रिकामं करायचं काम यांच्यावर आलं. सिंकखाली, न्हाणीघरात, तळघरात मिळून त्रेचाळीस बाटल्या निघाल्या. काचेसाठी वेगळी, फरशीसाठी वेगळी, भट्टीसाठी, नळासाठी, नुसत्या वासासाठी. सगळ्या अर्धवट. धोक्याचा कचरा गोळा करणारी गाडी वर्षातून दोनदा मैदानावर येते, तिथं त्या हातगाडी ओढत घेऊन गेल्या. गाडीवरचा माणूस म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, बाई. प्रत्येक मेलेल्या माणसामागे एवढंच निघतं."

त्या घरी आल्या आणि जिन्यातच बसल्या. मी बाजारातून येत होते. म्हणाल्या, "सत्तर वर्षं जगली, आणि मागे काय ठेवलं, तर अर्ध्या बाटल्या."

त्या आठवड्यापासून त्यांनी बाजारातली बाटली घरात आणली नाही. संत्र्यांच्या साली व्हिनेगरमध्ये तीन आठवडे मुरवायच्या, गाळून घ्यायच्या, की ओटा-फरशी-काच सगळ्याला एकच पाणी. रसाच्या आणि बिअरच्या रिकाम्या बाटल्या, तारेच्या खटक्याचं बूच असलेल्या, त्यांनी जमवल्या. हळूहळू आम्हा सगळ्यांना सवय लावली. रिकामी बाटली त्यांच्या दाराशी ठेवायची, दुसऱ्या दिवशी भरलेली न्यायची. एबर्ले पहिल्यांदा फणकारले, "घर आहे की लोणच्याचा कारखाना?" पण महिन्याभरात त्यांचीही बाटली दाराशी दिसू लागली.

बाटलीवर नाव लिहिलेलं असे. जुन्या पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहून, मैद्याच्या खळीनं चिकटवलेलं. याचा त्यांना फार अभिमान. "पाण्यात टाकली की चिठ्ठी आपोआप सुटते. डिंकाचा डाग नाही. कागद कागदात, काच काचेत."

एबर्ले म्हणायचे, "मी पत्ते असे चिकटवले असते, तर या खोऱ्यात एक पत्र पोचलं नसतं."

"तसंही तुम्ही किती पोचवलीत, देव जाणे," श्वेंकबाई म्हणायच्या.

असं सगळं छान चाललं होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वरच्या मजल्यावरच्या टबाची मोरी तुंबली. टीलो दुकानातून जळजळीत काहीतरी आणायला निघाला होता, त्याला श्वेंकबाईंनी जिन्यात अडवलं. सोडा दिला, वरून व्हिनेगर ओतायला सांगितलं, रबरी पंप दिला. पाणी काही जाईना. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. आता "माझ्यानं झालं नाही, जा दुकानात" असं म्हणायची वेळ होती. ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. साबणासाठी त्या कॉस्टिक सोडा ठेवत. कपाटात नाही, तळघरात कुलपात. त्याचं पाणी त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. लिटरभर बाटलीत करून, वर चिठ्ठी लावून.

"आजच वापर. हातमोजे घाल. आणि उरेल ते लगेच खाली आणून दे, वर ठेवू नकोस. ऐकलंस?"

"हो हो, आजी," टीलो म्हणाला.

मोरी मोकळी झाली. बाटली खाली आली नाही. त्यानंतर टीलो त्यांना जिन्यात तीनदा भेटला. तिन्ही वेळा त्यांच्या मनात आलं, विचारावं. एकदा त्याच्या कडेवर पोर होतं, एकदा तो फोनवर होता, एकदा त्या स्वतःच घाईत होत्या.

नोव्हेंबरातला शनिवार. आमच्याकडे शनिवारी सगळं घर घासायचा दिवस. जिना पुसायची पाळी माझी होती. मी बादली घेऊन दुसऱ्या मजल्याच्या वळणावर होते. सगळ्या घरांतून व्हिनेगरचा वास येत होता, शनिवारी येतो तसा. टीलो रिकाम्या बाटल्यांची टोपली घेऊन शीळ घालत खाली गेला. "काचपेटीत टाकून येतो," म्हणाला. पाय उचलून ओल्या पायऱ्या ओलांडल्या त्यानं, आणि मला बरं वाटलं.

पाच मिनिटं झाली असतील. वरून माराइकेची किंकाळी आली. तशी किंकाळी मी आधी ऐकली नव्हती.

मी धावले. माराइके घराच्या दारामागच्या बोळात गुडघ्यांवर बसली होती. एना तिच्यासमोर उभी, तोंड अर्धवट उघडं, हनुवटीवरून लाळेची तार. ओठ लाल. रडायचा आवाजही नीट निघत नव्हता. अंगात बापाचा कापून लहान केलेला पांढरा बनियन, समोरून ओला.

"काय प्यायलीस? एना, काय प्यायलीस? सांग ना, राणी!"

पोर बोलेना. हात लांब करून बोळातल्या भिंतीकडे दाखवलं. तिथं काही नव्हतं. मघाशी तिथं टोपली होती. टीलो जाकीट घालायला आत गेला तेवढी दोन मिनिटं.

माराइकेनं पोरीचा जबडा धरला आणि घशात बोट घालायला गेली.

"नाही!" श्वेंकबाई जिन्यातूनच ओरडल्या. त्या खालून धापा टाकत आल्या होत्या, हातांची बोटं जांभळी. रविवारसाठी जांभळा कोबी चिरत होत्या. "उलटी काढू नकोस! काढू नकोस! जाताना जाळलं असेल तर येताना परत जाळेल!"

माराइके थिजली. मग हळूच म्हणाली, "जाळलं असेल म्हणजे? काय होतं त्या बाटल्यांत?"

श्वेंकबाई थेट स्वयंपाकघरात गेल्या.

मी तोवर अॅम्ब्युलन्सला फोन लावला होता. पलीकडचा आवाज शांत होता. काय प्यायली? माहीत नाही. किती? माहीत नाही. तोंड धुवा, घोटभर पाणी द्या, जास्त नको, उलटी नको, अॅम्ब्युलन्स निघाली आहे. आणि ती बाटली बरोबर द्या.

"बाटली द्या म्हणतायत," मी म्हटलं.

त्याच वेळी जिन्यातून शीळ ऐकू आली. ती वर वर येत गेली, आणि आम्ही होतो त्या दारात तुटली. टीलोच्या हातात रिकामी टोपली होती.

"बाटल्या कुठायत?" माराइकेनं विचारलं.

"टाकल्या."

"कुठल्या?"

"सगळ्याच. अगं, काय झालंय हिला?"

मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. श्वेंकबाई सिंकसमोर जमिनीवर बसल्या होत्या. कपाट उघडं होतं. वरच्या नळीतून थेंब थेंब गळत होतं आणि कपाटाचा तळ ओला होता. तिथं कागदाचे तीन तुकडे पडले होते, गुंडाळी झालेले. त्यांनी त्यातला एक उचलून बोटांनी सपाट केला. त्यांचंच अक्षर. "कॉस्टिक. हात लावू नये."

"टीलो," त्या म्हणाल्या, "ती बाटली तू मला परत दिली नाहीस."

"मागे ठेवली होती... मी विसरलो. आज आवरताना तीन बाटल्या दिसल्या, तळाला बोट-बोट पाणी. नाव कशावरच नव्हतं. मला वाटलं तिन्ही व्हिनेगरच्याच. म्हटलं, किती साठवायच्या." त्याचा आवाज फुटला. "श्वेंकआजी, त्यातली ती एक होती?"

"एक होती."

माराइकेनं हे सगळं ऐकलं. ती ओरडली नाही. पोरीला छातीशी धरून म्हणाली, "तुम्ही माझ्या घरात हे आणून ठेवलंत." हे तिनं टीलोला म्हटलं की श्वेंकबाईंना, मला अजून ठरवता आलेलं नाही.

अॅम्ब्युलन्स आली. त्यांनी पोरीचा ओला बनियन काढला, तिला चादरीत गुंडाळलं, तोंडात दिवा मारायचा प्रयत्न केला. ती तोंडच उघडेना. त्यातल्या एकीनं टीलोच्या हातावर फोन नंबर लिहिला. "बाटली मिळाली तर उत्तम. नाही तर निदान काय होतं ते पक्कं कळवा. अंदाज नको." माराइके आत चढली, गाडी गेली.

काचपेट्या अग्निशमन दलाच्या इमारतीमागे आहेत, चार मिनिटांवर. टीलो पळत सुटला, मागून मी, माझ्या मागून एबर्ले. त्यांनी बागेतला लांब दांड्याचा पंजा आणि विजेरी उचलली होती. तीन पेट्या, पांढरी काच, हिरवी, तपकिरी. माणसाच्या उंचीच्या, वर हाताएवढं भोक, भोकाला रबराची झडप.

"कुठल्या रंगाच्या होत्या?" एबर्लेंनी विचारलं.

"हिरव्या. नाही, तपकिरी. एक तपकिरी होती."

"तू काच रंगानुसार टाकलीस ना?"

"एबर्ले, देवाशपथ, मला आठवत नाही!"

टीलोनं खांद्यापर्यंत हात घातला. आत काच खणखणली. पंजा घातला, पंजा अडकला. हात बाहेर आला तेव्हा मनगटापासून रक्त निथळत होतं. त्यानं तोच हात परत आत घातला. एबर्ले पेटीवरचा नंबर फिरवत होते. कार्यालय सोमवारी आठ वाजता उघडेल, असं एक बाई पुन्हा पुन्हा सांगत होती. एबर्ले त्या ध्वनिमुद्रित आवाजावर ओरडले, "इथं पोर मरतंय, बये!"

मी विजेरी धरून उभी होते. आणि मला एकदम सुचलं, ते सुचलं नसतं तर बरं असं वाटण्यासारखं. "टीलो," मी म्हटलं, "समजा तिन्ही बाटल्या मिळाल्या. तिनं कुठली तोंडाला लावली, हे बाटली कशी सांगेल?"

तो पेटीला टेकून खाली बसला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. इस्पितळातल्या डॉक्टरबाई. त्यानं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. "ओठ भाजल्यासारखे आहेत, पण लहान मुलाचे ओठ व्हिनेगरनंही लाल होतात. तिच्या हातांना, केसांना सगळीकडे व्हिनेगरचाच वास आहे. तेवढंच असेल तर आम्ही तिला इथंच ठेवू. कॉस्टिक असेल तर हेलिकॉप्टरनं मोठ्या बाल-इस्पितळात पाठवायचं, भूल देऊन घशात नळी घालून बघावं लागेल. तीन वर्षांच्या पोरीला उगाच भूल द्यायची नाही, आणि उशीरही करायचा नाही. दहा मिनिटांत काही कळलं तर सांगा. नाहीतर मी धोका धरूनच चालेन."

आम्ही परत धावलो.

श्वेंकबाई वरच्या मजल्यावर, बोळातच होत्या. जमिनीवर पांढरी थाळी, तिच्यात एनाचा बनियन पसरलेला. शेजारी वाटीत गडद जांभळं पाणी. चिरलेल्या कोबीवर उकळतं पाणी ओतून त्यांनी ते आणलं होतं. पहिल्या मजल्यावरून वर, अडुसष्टाव्या वर्षी, एक थेंब न सांडता.

"ये इकडे," त्या मला म्हणाल्या. "हुंग."

मी बनियन हुंगला. "व्हिनेगर. पण ओटिली, सगळ्या घरालाच तो वास आहे. माझ्या हातांनाही आहे."

"मग नाक तुझंही गेलं आणि माझंही. आता डोळ्यांनी बघू. टीलो, पडदा सरकव. दिवा नको, उजेड हवा."

त्यांनी आधी बनियनच्या पाठीची कोरडी कड घेतली आणि चमच्यानं जांभळ्या पाण्याचा थेंब सोडला. तो जांभळाच राहिला. "हे कापड काही बोलत नाही. म्हणजे साबण नीट निघालाय." मग त्यांच्या स्वतःच्या बाटलीतल्या व्हिनेगरचा थेंब त्यावर टाकला. डाग गुलाबी झाला. "हा व्हिनेगर. सगळ्यांनी पाहिला?"

आम्ही मान हलवली. एबर्लेंनी टोपी काढून हातात धरली होती.

मग त्यांनी ओल्या भागावर, पोटाच्या मध्यावर थेंब सोडला.

गुलाबी.

"व्हिनेगर!" टीलो ओरडला. "व्हिनेगरच आहे! देवा! व्हिनेगर आहे!" तो रडत होता आणि रक्ताळलेल्या बोटांनी फोनवर नंबर शोधत होता.

श्वेंकबाईंनी त्याचं मनगट धरलं. "थांब."

"दहा मिनिटं संपतायत, आजी!"

"थांब म्हणते ना. सकाळपासून ती फडकं घेऊन आईच्या मागे मागे होती. हात कुठं पुसले असतील? पोटाला. हे पोटावरचं आहे. प्यायलेलं माणूस गळ्याशी सांडतं."

त्यांनी बनियनचा गळा जवळ ओढला. गळ्याची शिवण अजून दमट होती. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं आणि थेंब सोडला.

क्षणभर तो जांभळाच होता. मग कडेनं निळा झाला. मग हिरवा. आणि आम्ही बघत असताना मधोमध पिवळसर होत गेला.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचे ठोके ऐकू येत होते.

"कॉस्टिक," श्वेंकबाई म्हणाल्या. "फोन लाव. आणि मला दे."

त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "मी ओटिली श्वेंक. पहिल्या मजल्यावर राहते. मुलगी कॉस्टिक सोडा प्यायलीय. लिटरला चाळीस ग्रॅम. नाही, अंदाज नाही, मीच वजन करून केलं होतं, चार ऑक्टोबरला. दुसरं काही मिसळलेलं नाही. काही थुंकली असावी, गळ्याशी सांडलंय."

पलीकडून काहीतरी विचारलं.

"कशावरून म्हणजे, जांभळ्या कोबीच्या पाण्यावरून. तेहतीस वर्षं रंगखान्यात काढलीत, डॉक्टर. तो हिरवा मला झोपेतसुद्धा कळेल."

मग डॉक्टरबाईंचा आवाज आम्हालाही ऐकू आला, "ठीक आहे. तिला पाठवते. बाप असेल तर त्याला थेट तिकडेच निघायला सांगा."

एबर्लेंनी टीलोच्या हाताला घट्ट फडकं बांधलं आणि आपल्या जुन्या गाडीतून त्याला घेऊन गेले. आम्ही दोघी वर राहिलो. थोड्या वेळानं खोऱ्यावरून हेलिकॉप्टर गेलं. श्वेंकबाई खिडकीशी गेल्या नाहीत. बनियन कोरड्या पिशवीत घालून त्यांनी तोंड बांधलं, थाळी धुतली, सिंकखालचा ओला तळ पुसला, गळकी नळी हातानं आवळली. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "कुणीतरी मला आता शिव्या द्यायला हव्यात. तू दे."

मला देता आल्या नाहीत.

संध्याकाळी टीलोचा फोन आला. ओठ आणि जीभ भाजली होती. घशाच्या वरच्या भागात लाली होती, त्याखाली काही नाही. बहुतेक सगळं तिनं थुंकलं होतं. सहा दिवस ठेवणार होते. मी हे सांगायला खाली गेले, तेव्हा श्वेंकबाईंच्या दाराशी घरातल्या उरलेल्या सगळ्या बाटल्या होत्या. एबर्लेंकडून आणि माझ्याकडून त्यांनी त्या मागून आणल्या होत्या. त्यांनी ऐकलं, मान हलवली, दार लावलं. आतून बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. पाणी वाया घालवणारी ती बाई नव्हे.

सोमवारी पोलीस खात्यातली एक तरुण बाई आली. तिनं चार प्रश्न विचारले, श्वेंकबाईंनी दहा उत्तरं दिली. चिठ्ठी स्वतःहून दाखवली. "दुकानातल्या बाटलीला लहान मुलांना न उघडणारं झाकण असतं. मी दिली तिला नव्हतं. ती रसाची बाटली होती. पोरीनं ती रसाची समजली, तर चूक पोरीची नाही." ती बाई लिहीत होती. "आणि तो मुलगा मला जिन्यात तीनदा भेटला. तीनदा विचारायचं राहिलं. हेही लिहा."

जानेवारीत पत्र आलं, की पुढे काही कारवाई नाही. त्यांनी ते वाचून त्याची घडी घातली. सुटल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं नाही.

एना पोलीसबाई आली त्याच आठवड्यात, शुक्रवारी, घरी आली होती. श्वेंकबाई दार उघडून उभ्या होत्या. पोरीला कडेवर घेऊन माराइके जिना चढत होती. त्यांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "नको." एवढंच. मग सगळा हिवाळा एक शब्द नाही. वर दुकानातल्या बाटल्या आल्या, प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या दुप्पट फुगू लागल्या. एबर्लेंच्या जिभेवर त्या चिठ्ठीवरून काहीतरी येईल, याची मी धास्ती घेतली होती. ते काही बोलले नाहीत. एका सकाळी त्यांनीच गुपचूप घरासमोरचा बर्फ ओढून काढला, पाळी श्वेंकबाईंची असताना.

एकदा कचऱ्याशी श्वेंकबाई माराइकेची एक रिकामी बाटली हातात घेऊन उभ्या दिसल्या. झाकण दाबून फिरवायचं होतं, त्यांना ते जमत नव्हतं. "चार वेळा केलं," त्या म्हणाल्या. "उघडत नाही. या झाकणात माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे." वसंतात धोक्याच्या कचऱ्याची गाडी आली, तेव्हा उरलेला कॉस्टिक त्यांनी तिथं देऊन टाकला. साबण करणं कायमचं सुटलं. व्हिनेगर राहिलं, पण ज्या बाटलीत विकत मिळतं त्याच बाटलीत, छापलेल्या नावासकट.

दर मार्चमध्ये चर्चच्या सभागृहात त्या एक शनिवार सकाळ शिकवायच्या, कमी कचऱ्यात घर कसं साफ ठेवावं म्हणून. त्या वर्षी नाही म्हणत होत्या. "कुठल्या तोंडानं?" मी म्हटलं, "त्याच तोंडानं. तुझ्याइतकं आता कुणाला माहीत आहे?" त्या गेल्या. बारा-तेरा माणसं होती. फडकी, चुन्याचा थर बसलेली किटली, सोडा, सगळं टेबलावर मांडलेलं. त्यांनी सुरुवात केली ती नोव्हेंबरातल्या शनिवारापासून. काही न लपवता.

मी दाराशी बसले होते. दार उघडून माराइके आत आली आणि मागच्या रांगेत बसली. श्वेंकबाईंनी तिला पाहिलं. पण थांबल्या नाहीत. "चूक तीन ठिकाणी झाली," त्या म्हणत होत्या. "मी ते दिलं. पिण्याच्या बाटलीत दिलं. आणि परत मागितलं नाही. तिन्ही चुका माझ्या."

"चौथी राहिली," मागून माराइके म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. "ती बाटली महिनाभर माझ्या कपाटात होती. मी रोज ते कपाट उघडत होते. तेही सांगा ना."

श्वेंकबाईंनी किटली पुढे ओढली. "ते तुझ्या घरातलं आहे," म्हणाल्या. "मी इथं माझ्या घरातलं सांगते."

मग त्यांनी किटलीत लिंबूसत्त्व घातलं आणि चुना कसा सुटतो ते दाखवू लागल्या. माराइके शेवटपर्यंत बसली. माणसं गेल्यावर तिनं खुर्च्या एकावर एक रचायला घेतल्या. श्वेंकबाई दुसऱ्या टोकाकडून रचत आल्या. मध्ये दोन खुर्च्या उरल्या तेव्हा दोघी समोरासमोर होत्या.

"घसा कसा आहे तिचा?" श्वेंकबाईंनी विचारलं.

"ओरडते दिवसभर. तुम्हाला खाली ऐकू येत नाही?"

"येतं," त्या म्हणाल्या. "रोज ऐकते."

माराइकेनं त्यांच्या हातातली खुर्ची घेतली आणि रचली.